हुंकारा कोण देतं

मशीनला माणसं मोजता येतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. मुलाखतीचं रेकॉर्डिंग त्यात टाकलं की ते सगळं बोलणं लिहून काढतं आणि कोणतं वाक्य कोणाचं हेही वेगळं करून देतं. स्पीकर एक म्हणजे मी, प्रश्न विचारणारी. स्पीकर दोन म्हणजे समोर बसलेलं माणूस. रामाकोना गावातल्या एका मुलाखतीत मशीनने स्पीकर तीनही लिहिला होता.

मी तिथे एकटीच गेले होते. संत्र्याच्या बगीच्याला लागून घर, ओसरीवर एक मावशी आणि मी. त्यांचे मालक पांढुर्ण्याला गेलेले, सून माहेरी. भर दुपार, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. पंख्याच्या घरघरीला मशीन माणूस समजलं असेल, असं म्हणून मी तो स्पीकर तीन पुसून टाकला आणि चहा टाकायला उठले.

मी काय काम करते, हे सौसरच्या आत्याला समजावता समजावता मी थकले आहे. यूएक्स रिसर्च म्हणजे एखादं ॲप वापरणाऱ्या माणसांजवळ जाऊन बसायचं, ती कुठे अडतात, कशाला घाबरतात, काय शोधतात ते बघायचं आणि बनवणाऱ्यांना सांगायचं.

"म्हंजे जनगननावाली का तू?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मंग पेपरवाली?"

"नाही गं आत्या."

"लोकायले नुसतं इचारतं, थे सांगते, अन् त्याचा तुले पगार भेटते? मंग आमी काहून फोकट सांगून राहिलो जिंदगीभर?"



या कामातली पहिली शिकवण अशी की प्रश्न विचारायचा आणि मिठाची गुळणी धरून बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही. ती भरून काढायला तो बोलतो, आणि त्या भरावातच खरं निघतं. मी मूळची फटकळ. शाळेत बाकावर उभं राहण्यात माझा हात कोणी धरला नसता. पण पुण्याच्या पहिल्या नोकरीत मी गप्प बसायला शिकले आणि त्यावरच माझं नाव झालं. माझ्या मुलाखतीत लोक सुनेचं, सवतीचं, कुठलं कुठलं सांगायचे. सहकारी विचारायचे, हे तुझ्याजवळ इतकं कसं बोलतात? मी म्हणायची, मी तोंड बंद ठेवते, तुम्हीही ठेवून बघा.

आई गेली तेव्हा बाबा पांढुर्ण्याच्या घरात एकटे पडले. नेमकं त्याच सुमारास कंपनीने संत्रा पिकवणाऱ्यांसाठी एक ॲप हातात घेतलं. पानाचा फोटो काढायचा, झाडाची तक्रार फोनला तोंडाने सांगायची, फोन सल्ला देतो. मुलूख आमचा, बोली आमची. मला घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी सामान घेऊन परत आले.

बाबा तहसिलीतून निवृत्त झालेले. जन्मात कधी चहा न केलेल्या या माणसाने आईमागे स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. मधल्या खोलीत माझं टेबल, स्वयंपाकघराच्या दाराला नुसता पडदा. दुपारभर मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायची आणि पडद्याच्या फटीतून बाबा भाजी निवडताना, चिरताना दिसायचे. त्यांचे ओठ हलत असायचे. हेडफोन काढून ऐकायला जावं तर तिकडे चिडीचूप. शेजारच्या काकूंनी एकदा मला फाटकाशी गाठून विचारलं, "तुह्ये बाबा दुपारचे कोनाशी बोलून राह्यते वं?" मी म्हटलं, स्तोत्र म्हणत असतील. काकूंना ते पटलं नाही आणि मलाही नाही, कारण बाबांना एकही स्तोत्र येत नाही.

मग बोरगावची मुलाखत झाली. तिथेही स्पीकर तीन. या वेळी लीडचा फोन आला. लीड म्हणजे पुण्यात बसणारी आमच्या टीमची प्रमुख. कामात चोख, बोलण्यात साखर नाही.

"तुझ्यासोबत कोण येतं?"

"कोणी नाही."

"मग मध्ये मध्ये हं हं कोण करतंय? बाई आहे कोणीतरी. वयस्कर वाटते."

"मशीन चुकलं असेल."

"मशीन चुकलं असतं तर मी स्वतः ऐकून फोन केला नसता."

आमच्या कामात ही साधी गोष्ट नाही. मुलाखतीत तिसरं माणूस बसलं की समोरचा त्याच्या धाकाने नाहीतर भिडेने बोलतो. आणि तिसरं माणूस नेऊन ते लपवलं, तर आजवरच्या सगळ्याच कामावर पाणी पडतं. वरची जागा रिकामी होणार होती, ती मला मिळेल असं लीडनेच सांगितलेलं. आता तिच्या आवाजात शंका होती. मला संताप आला. तिने तो तुकडा पाठवला आणि मी हेडफोन लावून ऐकला.

बोरगावचे काका झाडांना लागलेल्या डिंक्याबद्दल सांगत होते. साल फुटते, डिंक गळतो, झाड उभ्याउभ्या वाळतं. ते दम घ्यायला थांबले आणि तिथे एक "हं" आला. खालच्या पट्टीतला, छातीतून निघालेला, शेवटाला जरासा वर उचललेला. काका पुढे बोलू लागले. पुन्हा थांबले. पुन्हा "हं".

तो आवाज माझ्या आईचा होता. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

आई फार बोलणारी नव्हती. गल्लीतल्या बायका दुपारी सुपं-ताटं घेऊन आमच्या दारात यायच्या आणि तिला सांगत बसायच्या. ती मान खाली घालून हातातलं काम करायची आणि हुंकारा द्यायची. आमच्याकडे कोणी काही सांगायला लागलं की हुंकारा द्यावाच लागतो, नाहीतर सांगणारा रागावून उठतो. लहानपणी गोष्ट ऐकताना माझे डोळे मिटायला लागले की आई म्हणायची, "हुंकारा दे बाई. तू नाही देसीन तं दुसरंच कोनी देते." दुसरं म्हणजे कोण, हे तिने कधी सांगितलं नाही. मी मग डोळे ताणून हुंकारे देत राहायची.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या तुकड्यानंतर मुलाखतीला जाताना मी स्कूटीच्या मागच्या सीटकडे बघून घ्यायला लागले. बघून झालं की स्वतःलाच चार शिव्या घालायची आणि किक मारायची.

मोहगावच्या मुलाखतीला मी मुद्दाम कान टवकारून बसले. एक तरुण ताई होती, बगीचा तीच बघायची. ती आपल्या तालात बोलत होती, मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. बाकी काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. घरी येऊन रेकॉर्डिंग मशीनला घातलं तर स्पीकर तीन हजर. मी तिथे बसलेली असून मला ऐकू आलं नव्हतं आणि मशीनला आलं होतं. मला भीती वाटली.

शेवटी लीडच म्हणाली, "पुढची मुलाखत व्हिडिओवर घे. कॅमेरा तुझ्या तोंडावर ठेव." मला रंगेहाथ पकडायचा तिचा विचार होता, आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? मी परत रामाकोन्याला त्याच मावशींकडे गेले. फोन समोरच्या पेटीवर टेकवला. मावशी भरभरून बोलल्या. घरी येऊन दार लोटून व्हिडिओ लावला.

फोनच्या पडद्यावर मी बसले होते. ओठ मिटलेले, डोळे मावशींवर लागलेले. मावशी थांबल्या. माझे ओठ हलले नाहीत, चेहराही हलला नाही. गळ्याखालची कातडी तेवढी हलली आणि आईचा "हं" आला. मावशी पुढे बोलू लागल्या. त्या ओसरीवर बसल्याचं मला सगळं आठवत होतं, मावशींच्या पातळाचा रंगसुद्धा. तो "हं" दिल्याचं मात्र काही केल्या आठवत नव्हतं. स्वतःच्या बंद तोंडातून गेलेल्या माणसाचा आवाज निघताना बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. मी गळ्यावर हात ठेवून तो तुकडा पुन्हापुन्हा बघितला.

तो व्हिडिओ बघून लीडला हसू आलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. "तूच आहेस होय. बरं, आता ही सवय मोड. हं म्हणजे शाबासकीच. तू जिथे हं म्हणतेस तिथे लोक तुझ्या मनासारखं बोलत सुटतात. वरच्या जागेसाठी तुझी एक मुलाखत मोठे लोक बघणार आहेत. त्यात एकही हं नको."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सवय किती मुरलीय ते आधी बघावं म्हणून मी घरीच एक दुपार रेकॉर्डर टेबलावर चालू ठेवला, हेडफोन लावले आणि बोरगावच्या काकांचं जुनं रेकॉर्डिंग ऐकत बसले. संपल्यावर टेबलावरच्या रेकॉर्डरमध्ये काय आलंय ते लावलं. माझे हुंकारे येणार हे धरूनच चालले होते. ते होतेच. पण त्यांच्यामध्ये बाबांचा आवाज होता.

"आज सांबार लय सस्ता भेटला."

"हं."

"पोट्टी धड जेवत नाही. दिवसभर फोनवर बोलते."

"हं."

"तू राह्यली असती तं रागावली असती तिले."

"हं."

पोट्टी म्हणजे पोरगी, म्हणजे मी. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात हा शब्द मी काढला की सगळे हसायचे. त्या दुपारी मी तो शब्द ऐकला आणि रेकॉर्डिंग मागे घेऊन पुन्हा लावलं. माझ्या कानात काका होते, त्यांना मी हुंकारा देत होते. पडद्याआड बाबा होते. ते एक वाक्य बोलायचे, सुरी थांबवायचे, "हं" यायची वाट बघायचे आणि मग पुढचं सांगायचे. मी परत आल्यापासून रोज दुपारी हे चाललेलं असणार. मी ते रेकॉर्डिंग मशीनला घातलं. त्याने दोघांची वाक्यं नीट वेगळी करून लिहिली आणि या खेपेला तिसरं कोणी दाखवलं नाही.

बाबांना सांगावं, दोघांनी हसून मोकळं व्हावं, असं मनात आलं. धीर झाला नाही. या माणसाने आई गेल्यापासून माझ्यासमोर तिचं नावही काढलं नव्हतं, आणि इथे तो तिला कोथिंबिरीचा भाव सांगत होता. आणि मला ती जागाही हवी होती. मी मनाशी म्हटलं, होईल सवय, बाबा काही लहान नाहीत.

मी दातांत लवंग धरायला लागले. गळा हलायला गेला की दात आवळतात, लवंग चावली जाते आणि जिभेला चटका बसतो. थोड्याच दिवसांत हुंकारे थांबले. टेबलावरच्या रेकॉर्डरमध्ये आता एकटे बाबा असायचे.

"आइकून राह्यली का?"

मग नुसती शांतता. सुरी थांबलेली.

"अवं, आइकून राह्यली का?"

पुढे तेही बंद झालं. रेकॉर्डिंगमध्ये पंखा, कुकरची शिट्टी आणि मधूनच पाटाचा आवाज. बाबा भाजी निवडायला घ्यायचे आणि तशीच ठेवून द्यायचे. वरणात मीठ पडायचं नाही, नाहीतर दोनदा पडायचं. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर ते पाटावर बसून फडताळाकडे बघत होते, आणि मी आलेय हे त्यांना कळलंच नाही. जेवताना म्हणाले, "घर लय खाली खाली वाटून राह्यलं आजकाल." त्यांचं अंग उतरत चाललं होतं आणि ते कशाने, हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

मोठे लोक बघणार होते ती मुलाखत मोहगावच्या त्याच ताईची ठरली. तिच्या घरात मी फोन उभा केला. पलीकडे पुण्यात माणसं बसलेली, त्यांचे कॅमेरे बंद. लवंग दातांत होती. ताईने आधी आपल्या फोनवर ॲप उघडलं आणि झाडाची तक्रार सांगायला लागली. फोन ऐकत होता, म्हणजे गप्प होता. ती अर्ध्यात थांबली, फोनकडे बघितलं, हळूच म्हणाली, "कोनी आहे का याच्यात?" मग माझ्याकडे वळली आणि स्वतःहून सांगायला लागली की मालक गेल्यापासून बगीच्यात एकटीने जायला जीव धजत नाही, झाडं आपल्याकडे बघतात असं वाटतं. एवढं बोलून ती थांबली. मी शिकल्याप्रमाणे गप्प राहिले. लवंग जिभेला भाजत होती.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मिटला. "जाऊ द्या ताई," ती म्हणाली, "तुमी आइकून नाही राह्यल्या."

बाबांचंच वाक्य. मी रुमालात लवंग थुंकले, त्या सगळ्या बंद कॅमेऱ्यांसमोर, आणि छातीतून "हं" म्हटलं. ताईने पदर सावरला आणि ती पुढचं सांगू लागली. मी शेवटपर्यंत हुंकारे देत राहिले.

"काय केलंस हे?" लीडने नंतर विचारलं.

मी सांगितलं, "तुमचा फोन हुंकारा देत नाही म्हणून इथे त्याच्याशी कोणी बोलणार नाही. आणि मी नाही दिला तर माझ्याशीही नाही. असंच लिहा अहवालात."

लिहिलं त्यांनी. फोनमध्ये मशीनचा एक "हं" बसवलासुद्धा. बोरगावच्या काकांनी तो ऐकून फोन मला परत दिला आणि म्हणाले, "आवाज देते, पन याच्या अंदर कोनी नाही." वरची जागा पुण्यातल्या दुसऱ्या मुलीला मिळाली. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि अजूनही कधीकधी वाटतं.

मोहगावहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसले. हेडफोन लावले, पण आत काहीच लावलं नाही. रेकॉर्डर खणात टाकला. पडद्याआड बाबा मेथी घेऊन बसले होते. मी भिंतीकडे बघत "हं" म्हटलं. आतला हात थांबला. मी जरा वेळाने पुन्हा म्हटलं. काही नाही. तो दिवस तसाच गेला, पण वरणात मीठ बरोबर होतं.

त्याच्या दुसऱ्या दुपारी मी दुसरा की तिसरा हुंकारा दिला असेल, आणि आतून अगदी हळू आवाज आला.

"कुठं गेल्ती वं इतके दिवस?"

"हं."

बाबा बोलू लागले. मेथीला माती फार आहे. सौसरहून आत्याचा फोन होता, तिच्या गुडघ्याचं काही खरं नाही. मी प्रत्येक वाक्याला हुंकारा देत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फसवतेय असं वाटत होतं, आणि थांबायची हिंमत होत नव्हती. मग बाबांनी आवाज आणखी खाली केला. पडद्यापलीकडून ते कुजबुजले.

"हुंकारा पोट्टी देते, मालूम आहे मले. पयल्या दिवसापासून मालूम आहे. पन आवाज तुहाच आहे नं. तिले सांगजो नको. समजलं तं लाजते अन् बंद करते."

एवढं बोलून ते थांबले. सुरीही थांबली.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आता हुंकारा दिला तर मी ऐकलं हे त्यांना कळणार. नाही दिला तर ते पुन्हा त्या फडताळाकडे बघत बसणार. घरात पंख्याशिवाय काही हलत नव्हतं.

आणि "हं" आला. खालच्या पट्टीतला, शेवटाला जरासा वर उचललेला.

तो मीच दिला, असं मी धरून चालते. माझा गळा हलला की नाही हे बघायला समोर कॅमेरा नव्हता आणि रेकॉर्डर खणात बंद होता.

"तं मंग आइक," बाबा म्हणाले, आणि फळीवर सुरी चालू झाली.